एक्स-८६, आर्म की रिस्क-फाइव्ह? पत्र्याची खोली आणि कमी-जास्त व्होल्टेज धरून निवड

सिंदफणा (धागाकर्ता)

माजलगाव तालुक्यातल्या एका गावासाठी सामानाची यादी करायची आहे. कामं तीन.

एक, सेवा केंद्राचा संगणक: विंडोज, थंब मशीन, डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी), स्कॅनर, लेसर प्रिंटर. दोन, अभ्यासिकेतला लिनक्स सर्व्हर: पीडीएफ, सराव परीक्षा, रेकॉर्ड केलेले तास, एका वेळी २५-३० मोबाइल, चोवीस तास चालू. तीन, शेतात ओलावा मोजणारे १२ नोड (सेन्सर आणि छोटी चिप असलेले डबे): बॅटरीवर, दर अर्ध्या तासाला एक माप.

खोली पत्र्याची, मे महिन्यात आत ४४ अंश. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. डीपी जळाली तर चार दिवस लाईट नाही.

‘आर्म कमी वीज खातं’, ‘एक्स-८६ म्हातारं झालं’, ‘रिस्क-फाइव्ह फुकट आहे’ ही प्रोसेसरच्या तीन आर्किटेक्चरांबद्दलची तीन वाक्यं जिकडेतिकडे ऐकू येतात. त्यातलं कामाचं किती?

---

खामकाठ

पहिल्या वाक्यातच गोंधळ आहे, तो आधी काढू. आर्किटेक्चर म्हणजे सॉफ्टवेअर आणि चिप यांच्यातला करार: सूचना कोणत्या, रजिस्टर (चिपेतले हाताशी असलेले कप्पे) किती, मेमरीचे नियम काय. वीज खाते ती चिप. एकच करार पाळणाऱ्या दोन चिपांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एक्स-८६चा करार १९७८च्या ८०८६ पासूनचा. १९८५ला ८०३८६ने तो ३२ बिटांवर नेला, २००३ला एएमडीने ऑप्टेरॉनमधून ६४ वर. दर वेळी जुनं तसंच ठेवून वर मजला चढवला. त्यामुळे सूचनेची लांबी १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत काहीही. पुढची सूचना कुठे सुरू होते हे आधीची उलगडल्याशिवाय कळत नाही. आर्मने २०११ला ६४ बिटांचा संच जाहीर करताना पाटी कोरी केली: प्रत्येक सूचना ४ बाइट, ३१ सर्वसाधारण रजिस्टर. एक्स-८६ला ६४ बिटांत १६. रिस्क-फाइव्ह २०१०ला बर्कलीत सुरू झालं. मूळ संच अगदी छोटा, बाकी सगळं जोडपत्रांत. सूचना ४ बाइट आणि आखूड केलेल्या २ बाइट.

आता याचं वजन किती? मोठ्या चिपेत कमी. इंटेल-एएमडी उलगडलेल्या सूचना वेगळ्या कॅशमध्ये (चिपेतल्या जलद साठ्यात) ठेवतात, तोच लूप पुन्हा फिरला तर उलगडण्याचं काम वाचतं. २०२०ला ॲपलच्या एम-१ने सगळ्यांना गार केलं, त्यात एका वेळी ८ सूचना उलगडणारा रुंद डीकोडर होता. ४ बाइटांच्या ठरीव लांबीमुळे तो सोपा झाला हे खरंच. पण त्याच चिपेला ५ नॅनोमीटरची प्रक्रिया होती आणि मेमरी प्रोसेसरच्या शेजारी चिकटवलेली होती. श्रेय सगळं कराराला देऊ नका.

छोट्या चिपेत मात्र उलटं. २ किलोबाइट रॅमच्या कंट्रोलरमध्ये एक्स-८६च्या कमी-जास्त लांबीच्या सूचनांचा डीकोडर बसवणं म्हणजे सायकलला ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स. तिथे एक्स-८६ नाहीच.

---

मन्याड

सेवा केंद्रापुरतं उत्तर एका ओळीत: एक्स-८६. चर्चा नको.

कारण ड्रायव्हर. आर्मवरच्या विंडोजमध्ये प्रिझम नावाचा अनुवादक आहे, तो एक्स-८६चे साधे प्रोग्राम चालवतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर, जुना टायपिंगचा प्रोग्राम बहुधा चालून जातील. पण कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) बसणारा ड्रायव्हर तो अनुवादित करत नाही. थंब मशीनचा ड्रायव्हर आर्मसाठी वेगळा बांधलेला नसेल, तर मशीन म्हणजे नुसता लाल दिवा.

विकत घेण्याआधी तपासायचं असेल तर: ड्रायव्हरचं फोल्डर उघडा, आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा, मॅन्युफॅक्चरर हा विभाग शोधा. तिथे ‘एनटीएआरएम६४’ लिहिलेलं असेल तर आर्मवर आशा आहे. फक्त ‘एनटीएएमडी६४’ आणि ‘एनटीएक्स८६’ असेल तर विषय संपला.

(अवांतर: इंटेलच्या संगणकावरही तिथे एएमडीचंच नाव असतं. ६४ बिटांचा विस्तार त्यांनी आधी केला, नाव चिकटलं.)

---

सिंदफणा

डीएससी टोकन तर स्मार्टकार्डसारखं, विंडोज स्वतःच ओळखतं ना?

---

मन्याड

ओळखतं, आणि तिथेच फसायला होतं. टोकन डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट दिसतं, पण सही होत नाही. सही करताना टोकनवाल्या कंपनीची डीएलएल (प्रोग्रामला जोडली जाणारी फाइल) लागते आणि ती एक्स-८६ची असते. आर्मसाठी बांधलेला ब्राउझर किंवा सही करणारा प्रोग्राम आपल्या पोटात एक्स-८६ची डीएलएल घेऊ शकत नाही. एका प्रोसेसमध्ये दोन करार सहसा चालत नाहीत. मग ब्राउझरही एक्स-८६चाच टाकायचा, सगळंच अनुवादावर चालवायचं. समोर सातबाऱ्याला माणसं रांगेत उभी असताना हे उद्योग कोण करणार?

कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, वेबकॅम ही मंडळी ठरीव वर्गाची, ती कुठेही चालतात. अडतात ती थंब मशीन, टोकन, जुने स्कॅनर.

---

दुधनाकाठ

मन्याड यांना +१. एक भर: स्वस्तात जुना डेस्कटॉप उचलणार असाल तर विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलची ८वी पिढी आणि पुढच्या. दुकानदार ‘आय-५ आहे’ एवढंच सांगतो. पिढी विचारा.

---

लेंडीकाठ

मालक, सर्व्हरला रास्पबेरी पाय ५, तळहाताएवढा आर्मचा संगणक, घ्या की. उगं मोठा डबा कामून ठेवायचा? ३-४ वॅटमध्ये निवांत बसतं. चार कॉर्टेक्स ए-७६, २.४ गिगाहर्ट्झ. २५ पोरांना पीडीएफ द्यायला लई झालं.

---

दुधनाकाठ

लेंडीकाठ, वेगाला होतं, मान्य. अडचण विजेची आणि उष्णतेची आहे. आकडे मांडतो.

पाय ५ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा सप्लाय लागतो. त्याचा स्वतःचा ॲडाप्टर ५.१ व्होल्ट देतो. बाजारातली लांब, बारीक केबल घेतली आणि तिचा जाण्या-येण्याचा रोध ०.१ ओहम भरला, तर ५ अँपिअरला ०.५ व्होल्ट केबलमध्येच जातात. बोर्डापाशी उरले ४.६. पाय ‘कमी व्होल्टेज’ची तक्रार ४.६३ला करतो. म्हणजे ॲडाप्टर चांगला, बोर्ड चांगला, आणि एसएसडी जोडून काम वाढलं की क्लॉक खाली. महावितरणचा यात काही दोष नाही, दोष केबलचा.

ओळखायचं कसं: पायच्या टर्मिनलवर ‘गेट थ्रॉटल्ड’ची चौकशी करा. उत्तर शून्य आलं तर उत्तम. ०एक्स५०००५ आलं तर शेवटचा ५ म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे आणि वेगही कापलेला आहे. पहिला ५ म्हणजे चालू केल्यापासून हे दोन्ही कधीतरी घडून गेलं आहे. ०एक्स५०००० आलं तर आत्ता ठीक, मघाशी नव्हतं. हा आकडा दुपारी दोन वाजता बघा, सकाळी नाही.

३ अँपिअरचा ॲडाप्टर लावला तरी पाय ५ सुरू होतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. यूएसबीवरची हार्डडिस्क मग टिकटिक करत बसते.

आता उष्णता. पाय ८० अंशांपासून क्लॉक कमी करू लागतो. खोलीत ४४, बंद डब्यात ५०. हाती उरले ३० अंश. पंख्याशिवाय भागणार नाही. आणि पंखा लावला की जिनिंगच्या सीझनमध्ये कापसाचं तूस पंख्यात. तुमच्याकडे हे सांगायला नको.

---

लेंडीकाठ

हाव, तूस मान्य. ॲल्युमिनियमचा पूर्ण डबा मिळतो, चिपेला थर्मल पॅड लावून. पंखा नको. केबलीचं म्हणाल तर मूळ ॲडाप्टरची केबल कायमचीच जोडलेली असते, ती बदलायचा सवालच नाही. बाजारचा ॲडाप्टर घेतला तर भोगा.

---

खामकाठ

दुधनाकाठ यांच्या हिशेबात समोरचा गडी राहिला. आर्मच्या विरोधात उभा करायचा तो इंटेल एन-१०० असलेला मिनी पीसी, जुना डेस्कटॉप नव्हे. ४ छोटे कोर, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत, चिपेची रेटिंग ६ वॅट. चिप १०५ अंशांपर्यंत तग धरते. म्हणजे डब्यातल्या ५० अंशांवर अजून ५५ची जागा. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) विजेची दीर्घकालीन मर्यादा ६ वॅटला बांधली की पंखा नसलेला डबाही चालतो.

वर्षाची वीज, युनिटला १० रुपये धरून:

पाय ५, सरासरी ३.५ वॅट: सुमारे ३१ युनिट, ३१० रुपये.
एन-१०० मिनी पीसी, भिंतीपाशी १० वॅट: सुमारे ८८ युनिट, ८८० रुपये.
जुना डेस्कटॉप, ५० वॅट: ४३८ युनिट, ४,३८० रुपये.

पहिल्या दोघांतला फरक महिन्याला ४७-४८ रुपये. तिसरा मात्र एक्स-८६च असून दुसऱ्याच्या पाचपट खातो. ‘आर्म कमी वीज खातं’ या वाक्याचं एवढंच.

दोन गोष्टी एन-१००च्या बाजूने. व्हिडिओ दुसऱ्या आकारात बदलून द्यायचा असेल तर त्यात वेगळं हार्डवेअर आहे. पाय ५मध्ये एच.२६४ (नेहमीचा व्हिडिओ प्रकार) एन्कोड करायचं हार्डवेअरच काढून टाकलंय, सगळं कोरवर पडतं. मोबाइल मूळ फाइल थेट वाजवत असेल तर हा मुद्दा गौण, म्हणून तास रेकॉर्ड करतानाच एच.२६४ आणि ७२०पीमध्ये ठेवा. दुसरं, लिनक्सची साधी आयएसओ कोणत्याही एक्स-८६ डब्यावर चढते. आर्मच्या बहुतेक छोट्या बोर्डांना ती सोय नाही, प्रत्येक बोर्डाला हार्डवेअरचं वर्णन देणारी वेगळी फाइल आणि पुष्कळदा वेगळी इमेज लागते. पायची इमेज नीट सांभाळली जाते. इतर स्वस्त आर्म बोर्डांवर दुकानदाराने दिलेल्या जुन्या कर्नलवर अडकून पडायची तयारी ठेवा.

पायच्या बाजूने एक: लाईट आली की आपोआप सुरू होतो. मिनी पीसीला बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर चालू’ हे निवडावं लागतं. स्वस्त डब्यांत तो पर्यायच नसतो, घेण्याआधी बघा.

---

तेरणा

दोन्हीकडे मेमरी कार्डावर सर्व्हर चालवू नका. लिहिताना लाईट गेली की कार्ड गेलं. पायला एनव्हीएमई एसएसडीचा हॅट (वर बसणारा जोडबोर्ड) बसतो.

आणि पाय ४ कुणी जुना देत असेल तर एक लक्षात असू द्या. त्यातल्या कॉर्टेक्स ए-७२मध्ये एईएसच्या (एन्क्रिप्शनच्या) सूचना नाहीत, तो पर्यायी भाग चिप बनवताना घेतलाच नाही. डिस्क एन्क्रिप्ट केली तर सगळं गणित साध्या सूचनांनी होतं आणि वेग रांगतो. पाय ५मध्ये त्या आहेत, एन-१००मध्येही आहेत. दोन्ही पाय आर्म ६४ बिट, दोन्ही एकाच घरचे, तरी हा फरक.

पाय ५चा आणखी एक छुपा खड्डा: मूळ कर्नल १६ किलोबाइटची पेज (मेमरीचे तुकडे) वापरतो. ४ किलोबाइट गृहीत धरून बांधलेले काही प्रोग्राम सुरूच होत नाहीत, ‘पेज साइझ’ची तक्रार करून पडतात. कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल म्हणून ‘कर्नल८’ची ओळ टाका आणि रीबूट करा, ४ किलोबाइटवर येतं.

---

बालाघाटी

नोडकडे कुणी वळेना म्हणून लिहितो. इथे तिन्ही आर्किटेक्चर सोडून चौथंही आहे. नोडसाठी नेहमी घेतात ती वायफायवाली छोटी चिप, मूळ ईएसपी३२, हे एक्सटेन्सा आर्किटेक्चर, आर्म नव्हे आणि रिस्क-फाइव्हही नव्हे. तिचाच सी-३ प्रकार घेतला तर एक रिस्क-फाइव्ह कोर, १६० मेगाहर्ट्झ, ४०० किलोबाइट रॅम, वायफाय आतच.

बॅटरीचा हिशेब असा. दर अर्ध्या तासाला उठून ५ सेकंद वायफाय, सरासरी १०० मिलिअँपिअर. एका वेळेला ०.१४ मिलिअँपिअर-तास, दिवसाला ४८ वेळा, म्हणजे साधारण ६.७. झोपेत चिप ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास, दिवसाला ०.१२. छान.

पण तयार बोर्डावर लाल एलईडी असतो, व्होल्टेज रेग्युलेटर असतो, कधी यूएसबीची चिप असते. हे सगळं मिळून २ मिलिअँपिअर धरलं तर दिवसाला ४८! २६०० मिलिअँपिअर-तासाचा सेल पहिल्या हिशेबाने कागदावर वर्षभर, दुसऱ्या हिशेबाने ४७ दिवस. एलईडी खरवडून काढा, रेग्युलेटर रिकामा असताना कमी करंट खाणारा बसवा, सेन्सरची वीज मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) फक्त मापापुरती द्या. इथे आर्म घेतलं काय आणि रिस्क-फाइव्ह घेतलं काय, एलईडी तेवढंच खाणार.

सेलचा डबा उन्हात नको. साधा लिथियम-आयन ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि सोलर पॅनेल तर नेमकं तेव्हाच जोरात असतं. डबा पॅनेलच्या खाली, सावलीत.

---

सिंदफणा

मग रिस्क-फाइव्हचा फायदा-तोटा प्रत्यक्षात जाणवतो कुठे?

---

बालाघाटी

एका चिपेत बघायला मिळतो: रास्पबेरी पायवाल्यांची छोटी कंट्रोलर चिप आरपी२३५०. तिच्यात दोन कॉर्टेक्स एम-३३ आणि दोन हॅझार्ड-३ म्हणजे रिस्क-फाइव्ह कोर आहेत, सुरू होताना जोडी निवडायची. प्रक्रिया तीच, रॅम तीच, क्लॉक तोच १५० मेगाहर्ट्झ. तराजू इतका सरळ दुसरा मिळणार नाही.

पूर्णांकांच्या कामात दोघं जवळपास. दशांशांचं गणित आलं की एम-३३ पुढे, कारण त्याला फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर आहे आणि इथल्या हॅझार्ड-३ला नाही. हा दोष रिस्क-फाइव्हचा नव्हे. ते जोडपत्र इथे घेतलेलं नाही. पण वापरणाऱ्याला फरक पडतोच. रिस्क-फाइव्ह म्हटलं की कोणती अक्षरं आत आहेत ते आधी वाचा: एम म्हणजे गुणाकार-भागाकार, एफ आणि डी म्हणजे दशांश, सी म्हणजे आखूड सूचना, व्ही म्हणजे व्हेक्टर. सीएच३२व्ही००३ ही अगदी स्वस्त चिप बघा, ४८ मेगाहर्ट्झ, २ किलोबाइट रॅम. तिच्यात एमच नाही. गुणाकारसुद्धा सॉफ्टवेअरने.

इंटरप्टमध्येही (चालू काम थांबवून तातडीचं काम घेण्यातही) फरक आहे. कॉर्टेक्स-एममध्ये इंटरप्ट आला की ८ रजिस्टर चिप स्वतः स्टॅकवर ठेवते, तुम्ही साधं सी फंक्शन लिहा. रिस्क-फाइव्हच्या मूळ करारात ते काम सॉफ्टवेअरचं, फंक्शनला इंटरप्टची खूण लावावीच लागते. विसरलात तर प्रोग्राम कधी दोन मिनिटांनी मरेल, कधी दोन दिवसांनी.

---

तेरणा

बालाघाटींच्या यादीत एक गोष्ट हवीच, कारण ती पंपापर्यंत जाते. शून्याने भागाकार.

सरासरी ओलावा म्हणजे बेरीज भागिले मापांची संख्या. सगळे सेन्सर गप्प झाले, संख्या शून्य. एक्स-८६वर प्रोसेसर अपवाद उठवतो, प्रोग्राम तिथेच पडतो, निदान कळतं. ६४ बिटांच्या आर्मवर पूर्णांक भागाकाराचं उत्तर गुपचूप ० येतं. रिस्क-फाइव्हवर उत्तर सगळे बिट १, म्हणजे चिन्हासह −१.

आता नियम लिहिला आहे ‘ओलावा २०च्या खाली गेला की पंप सुरू’. लॅपटॉपवर चाचणीत प्रोग्राम पडला असता. शेतात आर्मवर ० आला, पंप सुरू, सेन्सर मेलेलेच, पंप बंद व्हायला कारणच नाही. रिस्क-फाइव्हवर −१, तेच. कंपायलरलाही सी भाषेत इथे मोकळीक आहे, त्यामुळे यावर कधीच विसंबू नका. भागण्याआधी संख्या तपासा, आणि पंपाला वेळेची कमाल मर्यादा वेगळी ठेवा.

---

खामकाठ

त्याच जातीचे आणखी दोन.

लिनक्सवर एक्स-८६मध्ये सी भाषेतला साधा कॅर हा एका बाइटचा प्रकार चिन्हासह असतो, आर्म आणि रिस्क-फाइव्हवर चिन्हाविना. फाइल संपल्याची खूण −१ असते. ती कॅरमध्ये साठवून तुलना केली तर एक्स-८६वर लूप थांबतो, आर्मवर ती २५५ होते आणि लूप थांबतच नाही. इंट वापरा.

दुसरा जास्त अवघड. एक कोर लिहितो:

माप = ३७
तयार = १

दुसरा कोर ‘तयार’ १ झालेलं बघून ‘माप’ वाचतो. एक्स-८६मध्ये एका कोरने केलेली लेखनं इतरांना त्याच क्रमाने दिसतात. आर्म आणि रिस्क-फाइव्हला तसं बंधन नाही. ‘तयार’ आधी दिसू शकतं आणि माप जुनंच वाचलं जातं, लाखात एखाद्या वेळी. सी भाषेत व्होलाटाइल लिहून हे सुटत नाही. ‘तयार’ ॲटॉमिक करा, लिहिताना रिलीज, वाचताना अक्वायर. आणि एककोरी सी-३वर तपासून ‘चालतंय’ म्हणू नका, तिथे हे दोन कोरांचं भांडण दिसणारच नाही.

आर्मला ही ढील दिल्यामुळे हार्डवेअरला मोकळीक मिळते. त्याची किंमत प्रोग्रामर भरतो.

---

लेंडीकाठ

आपल्या देशाच्या प्रोसेसरचं काय मग? शक्ती, वेगा वगैरे. सर्व्हर त्याच्यावर बसंल का?

---

मन्याड

शक्ती आयआयटी मद्रासचा, वेगा सी-डॅकचा, दोन्ही रिस्क-फाइव्ह. केंद्राचा डीआयआर-फाइव्ह कार्यक्रम २०२२चा. सी-डॅकच्या ३२ बिटांच्या तेजस चिपेचा एरीज बोर्ड आहे, १०० मेगाहर्ट्झ, आर्डुइनोच्या आयडीईमधून प्रोग्राम होतो. नांदेडच्या एसजीजीएस किंवा संभाजीनगरच्या नाइलिटसारख्या ठिकाणी शिकवायला उत्तम. अभ्यासिकेच्या सर्व्हरचं काम त्याचं नव्हे.

‘फुकट’चा अर्थ: करार वापरायला परवाना-फी नाही. आर्मला चिप बनवणारा परवाना आणि रॉयल्टी देतो, एक्स-८६ तर इंटेल आणि एएमडी सोडून मोजक्याच हातांत. पण चिप बनवायला फॅब, मास्क, चाचणी हा खर्च तिघांनाही सारखाच. दुकानात तुम्हाला फुकट काही मिळत नाही.

लिनक्स चालवणारे रिस्क-फाइव्ह बोर्ड मिळतात, पण आत्ता घ्यायला हात आखडता ठेवा. आरव्हीए२३ हा प्रोफाइल (कोणती जोडपत्रं हवीतच याची यादी) २०२४ला मंजूर झाला, त्यात व्हेक्टर सक्तीचं आहे. उबुंटू लिनक्सने २५.१० पासून तोच किमान धरला. आधीचे बोर्ड, व्हेक्टर नसलेल्या जेएच७११०चे धरून, जुन्या २४.०४वरच राहतात.

---

सिंदफणा

सगळ्यांचे आभार. यादी अशी करतो: सेवा केंद्राला एक्स-८६, पिढी बघून. सर्व्हरला पंखा नसलेला एन-१००. नोडला ईएसपी३२-सी३, एलईडी काढून.

एकच उरलं. सर्व्हर सेवा केंद्राच्या इन्व्हर्टरवर टाकू की १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट? मिनी पीसीचा ॲडाप्टर १२ व्होल्टचाच आहे.

---

दुधनाकाठ

इन्व्हर्टर रिकामा चालतानाही १५-२० वॅट खातो आणि तुमचा सर्व्हर १०. रात्रभर इन्व्हर्टरच जास्त पिणार. बॅटरीवर टाका, पण थेट नको. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते आणि उतरताना १०.५ ला येते. मधे बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा आणि चढवणाराही) हवा. नुसता बक घेतला तर बॅटरी १२च्या खाली आली की सर्व्हर बंद पडू शकतो.

कन्व्हर्टर ५ अँपिअरचा घ्या, बॅटरीच्या प्लस टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज टाका. आउटपुट मल्टीमीटर लावून १२.० ला बांधा, स्क्रूवर लाखेचा थेंब, आणि मिनी पीसीच्या जॅकमध्ये मधली पिन प्लस आहे ना हे ॲडाप्टरच्या लेबलवर बघून मगच जोडा.